कॅमेऱ्यातलं ‘एल’ आणि ‘फाइन’ म्हणजे नेमकं काय? फोटोची साइझ आणि क्वालिटी ठरवण्याआधी हे वाचा

रत्नागिरी : पाऊस संपून सड्यावरचं गवत वाळलं की जांभ्या कातळावरची खोदचित्रं पुन्हा उघडी पडतात. ती बघायला येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात कॅमेरा असतो, निदान मोबाइल तरी असतोच. फोटो भरपूर निघतात. पण त्यातले किती फोटो दहा वर्षांनी एखाद्या अभ्यासकाच्या उपयोगी पडतील, हे बऱ्याचदा कॅमेऱ्याच्या किमतीवर ठरत नाही. मेन्यूमधल्या दोन ओळींवर ठरतं. एक ‘इमेज साइझ’ आणि दुसरी ‘इमेज क्वालिटी’.

कोकणातल्या कातळशिल्पांचा २०२२ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यातली उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे ही सात ठिकाणं आपल्या रत्नागिरी जिल्ह्यातली आहेत. कुडोपी सिंधुदुर्गात आहे आणि एक ठिकाण गोव्यात. सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई यांच्यासारख्या अभ्यासकांनी गावोगावचे सडे पायी तुडवून ही चित्रं शोधली, त्यांच्या नोंदी केल्या. दुसरीकडे चिरेखाणी, रस्ते आणि बांधकामं यांमुळे सडे बदलत आहेत. उघड्या कातळावर ऊन-पावसाचा मारा तर वर्षानुवर्षं चालूच आहे. उद्या एखादी रेषा पुसली गेली तर तिचा पुरावा म्हणून फोटोच उरेल. अशा वेळी तो फोटो पुरेसा मोठा हवा.

हाच नियम घरच्या लग्नाला, गणपतीच्या आरासीला आणि आजोबांच्या जुन्या कागदांनाही लागू होतो. म्हणून या दोन सेटिंगचा अर्थ सोप्या भाषेत समजून घेऊ.

साइझ आणि क्वालिटी एकच का नाही?

फोटो म्हणजे छोट्या छोट्या रंगीत ठिपक्यांची जाळी. या ठिपक्यांना पिक्सेल म्हणतात. दहा लाख पिक्सेल म्हणजे एक मेगापिक्सेल. साइझ हे सेटिंग फोटोत किती पिक्सेल असतील ते ठरवतं. क्वालिटी हे सेटिंग ते पिक्सेल कार्डावर लिहिताना किती दाबून, किती माहिती गाळून लिहायचे ते ठरवतं.

गोधडीचं उदाहरण घ्या. गोधडी किती मोठी शिवायची, हा साइझचा प्रश्न. ती बॅगेत किती दाबून कोंबायची, हा क्वालिटीचा प्रश्न. फरक इतकाच की गोधडी बॅगेतून काढली की पुन्हा फुलते. दाबलेला फोटो पूर्णपणे पहिल्यासारखा होत नाही.

निकॉनच्या कॅमेऱ्यांत ही दोन्ही सेटिंग मेन्यूत वेगवेगळी दिसतात. कॅननमध्ये ती ‘इमेज क्वालिटी’ या एकाच ठिकाणी एकत्र असतात. तिथे ‘एल’ अक्षराशेजारी पाव वर्तुळाचं छोटं चिन्ह दिसतं. त्याची कड गुळगुळीत असेल तर फाइन, पायऱ्यापायऱ्यांची असेल तर नॉर्मल. सोनीमध्ये एक्स्ट्रा फाइन, फाइन आणि स्टँडर्ड अशी नावं आढळतात. नावं बदलली तरी मुद्दा तोच.

एल, एम, एस : आकड्यांत किती फरक?

बाजारात खूप दिसणारा २४ मेगापिक्सेलचा निकॉन डीएसएलआर घेऊ. त्यात एल म्हणजे ६००० × ४००० पिक्सेल, म्हणजे २४ मेगापिक्सेल. एम म्हणजे ४४९६ × ३०००, साधारण साडेतेरा मेगापिक्सेल. एस म्हणजे २९९२ × २०००, म्हणजे जेमतेम ६ मेगापिक्सेल.

एलवरून एसवर गेलं की फोटोची लांबी आणि रुंदी निम्मी होते. पण पिक्सेल निम्मे होत नाहीत, पाव होतात. चारातले तीन पिक्सेल गेले. ते कॅमेऱ्यानेच टाकून दिलेले असतात, त्यामुळे नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरने खरे परत येत नाहीत. एआय वापरणारी अॅप फोटो ‘मोठा’ करून देतात, पण तिथे भरलेली माहिती अंदाजाची असते. वाढदिवसाच्या फोटोला ते चालेल. पुराव्याच्या फोटोला चालणार नाही, कारण अॅपने कातळावर नसलेली रेषाही काढलेली असू शकते.

आता क्वालिटी. याच कॅमेऱ्यात एल साइझचा फोटो फाइनवर साधारण १२ एमबीचा होतो, नॉर्मलवर ६ एमबीच्या आसपास आणि बेसिकवर ३ एमबीच्या आसपास. तिन्हींत पिक्सेल मात्र तेवढेच, २४ मेगापिक्सेल. म्हणजे फाइल लहान झाली म्हणून फोटोची लांबी-रुंदी कमी झाली, असं समजू नका. एकाच सेटिंगवर काढलेल्या दोन फोटोंच्या फाइलही सारख्या आकाराच्या नसतात. मोकळ्या आभाळाचा फोटो कमी जागा घेतो, गवताने भरलेल्या माळाचा जास्त. जितका बारीक तपशील, तितकी मोठी फाइल.

फोटो दाबताना नेमकं काय गळतं?

बहुतेक कॅमेरे फोटो जेपीईजी प्रकारात साठवतात. या प्रकाराचं मानक १९९२ मध्ये प्रसिद्ध झालं. त्याच्या मुळाशी असलेली गणिती पद्धत बेंगळुरूत जन्मलेले अभियंते नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासोबत १९७४ मध्ये मांडली होती. आज जगभर रोज पाठवल्या जाणाऱ्या फोटोंच्या तळाशी तीन भारतीय नावं आहेत, हे फार कमी जणांना माहीत असतं.

२४ मेगापिक्सेलच्या फोटोतल्या प्रत्येक पिक्सेलचे लाल, हिरवा आणि निळा असे तीन आकडे जसेच्या तसे लिहिले तर साधारण ७२ एमबी लागतील. जेपीईजी ते १२ एमबीत बसवतं. कसं? आपल्या डोळ्याला उजेडातला फरक चटकन कळतो, रंगातला बारीक फरक तितका कळत नाही. म्हणून रंगाची माहिती जरा ढोबळ ठेवली जाते. मग फोटोचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडले जातात. प्रत्येक चौकोनात हळू बदलणारा भाग किती आणि झटक्यात बदलणारा बारीक भाग किती, याचा हिशेब होतो. त्यातला बारीक भाग राउंड फिगर करून लिहिला जातो, पुष्कळ आकडे तर शून्यच होतात.

फाइनमध्ये ही काटछाट हलकी असते, बेसिकमध्ये जोरदार. म्हणूनच खूप दाबलेल्या फोटोत आभाळात चौकोनी डाग दिसतात, अक्षरांच्या कडेला मुंग्या आल्यासारखं दिसतं.

इथे दोन गैरसमज दूर करू. जेपीईजी फोटो नुसता उघडून बघितल्याने किंवा पेन ड्राइव्हवर कॉपी केल्याने खराब होत नाही. तो एडिट करून पुन्हा सेव्ह केला की मात्र काटछाट पुन्हा होते. म्हणून मूळ फाइल हात न लावता ठेवायची आणि बदल कॉपीवर करायचे.

कशेळीच्या हत्तीवर हिशेब करून बघू

राजापूर तालुक्यातल्या कशेळीचं हत्तीचं कातळशिल्प १८ × १३ मीटरचं आहे. त्या हत्तीच्या आकृतीत इतर प्राण्यांच्या आकृत्याही कोरलेल्या आहेत. म्हणजे तिथे नुसता हत्तीचा आकार ओळखता येऊन भागत नाही, आतल्या रेषाही दिसायला हव्यात.

समजा वरून, थोडी जागा सोडून, २१ × १४ मीटरचा भाग एका फ्रेममध्ये घेतला. एल साइझमध्ये आडवे ६००० पिक्सेल आहेत. म्हणजे एक पिक्सेल जमिनीवरचे साडेतीन मिलिमीटर दाखवतो. एस साइझमध्ये एक पिक्सेल सात मिलिमीटर दाखवेल. तोच फोटो व्हॉट्सअॅपवरून साध्या दर्जात गेला आणि त्याची लांब बाजू १६०० पिक्सेलवर आली, तर एका पिक्सेलला १३ मिलिमीटर जागा आली.

कोरलेली रेषा दोन सेंटिमीटर रुंद धरली, तर एलमध्ये ती साधारण सहा पिक्सेलची दिसेल, एसमध्ये तीनची आणि व्हॉट्सअॅपच्या फोटोत दीड पिक्सेलची. सहा पिक्सेलमध्ये रेषेच्या कडा कळतात, उतार कळतो. दीड पिक्सेलमध्ये ती रेषा आहे, भेग आहे की वाळलेल्या गवताची काडी आहे, हे सांगणं अवघड.

आता वर सांगितलेला आठ पिक्सेलचा चौकोन आठवा. एल फोटोत असा एक चौकोन जमिनीवर पावणेतीन-तीन सेंटिमीटरचा होतो. व्हॉट्सअॅपच्या फोटोत तो दहा सेंटिमीटरच्या वर जातो. झिजलेली, फिकी रेषा त्या चौकोनात असेल तर दाबताना ‘अनावश्यक बारीक तपशील’ म्हणून तीच गळण्याची शक्यता जास्त. जो तपशील नोंदवायला आपण गेलो, तोच पहिल्यांदा जातो.

म्हणूनच मोठं शिल्प एका फोटोत बसवून थांबायचं नाही. एक फोटो पूर्ण आकृतीचा, मग एकमेकांवर थोडे चढणारे तुकड्यातुकड्यांचे फोटो. सगळे एकाच साइझ आणि क्वालिटीवर. असे फोटो पुढे जोडून नकाशा किंवा त्रिमितीय प्रतिकृती करायला उपयोगी पडतात.

छापायचं असेल तर किती पिक्सेल?

चांगल्या छपाईसाठी एका इंचात ३०० पिक्सेल हा सोपा हिशेब धरतात. त्यानुसार ४ × ६ इंचाच्या नेहमीच्या प्रिंटला १२०० × १८०० म्हणजे २ मेगापिक्सेलच्या थोडं वर पुरतात. ८ × १२ इंचाला साधारण साडेआठ मेगापिक्सेल लागतात. १२ × १८ इंचाला मात्र ३६०० × ५४००, म्हणजे साडेएकोणीस मेगापिक्सेल.

लग्नाचा करिझ्मा अल्बम आठवा. १२ × ३६ इंचाच्या उघड्या पानावर डावीकडे एक आणि उजवीकडे एक, असे दोन १२ × १८ चे फोटो बसतात. नवरा-नवरीचा पूर्ण पान फोटो एस साइझवर काढला असेल तर तिथे इंचाला १६५ पिक्सेलच येतात. लांबून तो बरा दिसेल, पण अल्बम मांडीवर घेऊन बघताना शालूची जर आणि मुंडावळ्यांचे मोती मऊ, धूसर दिसतील. मोठा फ्लेक्स किंवा बॅनर मात्र लांबूनच बघितला जातो, त्याला इंचाला खूप कमी पिक्सेल चालतात.

फाइलच्या माहितीत ‘७२ डीपीआय’ किंवा ‘३०० डीपीआय’ असं लिहिलेलं दिसलं की अनेक जण घाबरतात. तो आकडा नुसती चिठ्ठी आहे. फोटोत ६००० × ४००० पिक्सेल असतील तर डीपीआय ७२ लिहिलं काय नि ३०० लिहिलं काय, छपाईला मिळणारी माहिती तेवढीच.

मोबाइल आणि टीव्हीवरच बघायचं असेल तर?

फुल एचडी पडद्यावर दोन मेगापिक्सेल दिसतात. फोर-के टीव्हीवर ३८४० × २१६०, म्हणजे सव्वाआठ मेगापिक्सेलच्या आसपास. मग २४ कशाला, असा प्रश्न पडतो.

उत्तर आहे क्रॉप. वेळासच्या किनाऱ्यावर समुद्राकडे निघालेलं कासवाचं पिल्लू तुम्ही दोरीच्या अलीकडून टिपता. जवळ जाता येत नाही, जाऊही नये. घरी आल्यावर फोटोचा मधला, निम्म्या लांबीचा आणि निम्म्या रुंदीचा भाग कापून घेतला, तर एलमधून ६ मेगापिक्सेल हातात राहतात. त्यातून ८ × १२ चा बरा प्रिंट निघतो. एसमधून तोच भाग कापला तर दीड मेगापिक्सेल राहतात. पोस्टकार्डापुरता फोटो झाला, पुढे काही नाही.

फाइन की नॉर्मल? की साइझ कमी करू?

जागा वाचवायचीच असेल तर आधी क्वालिटी एक पायरी उतरवा, साइझ तशीच ठेवा. एल-फाइनवरून एल-नॉर्मलवर आलं की फाइल जवळपास निम्मी होते आणि नेहमीच्या प्रिंटमध्ये फरक ओळखणं कठीण असतं. क्रॉपची सोयही तशीच राहते. साइझ उतरवली की ती सोय गेली.

बेसिक मात्र शक्यतो टाळा. सूर्यास्ताचं आभाळ, समुद्र, रंगवलेली भिंत अशा गुळगुळीत भागांत त्याचे डाग आधी दिसतात. त्यातही तो फोटो नंतर उजळ करायला गेलं तर ते डाग आणखी ठळक होतात.

आणि जागेची अडचण खरंच आहे का, तेही तपासा. ६४ जीबीच्या कार्डावर १२ एमबीचे सुमारे पाच हजार फोटो मावतात. नॉर्मलवर दहा हजारांच्या आसपास. एका लग्नाला किंवा एका सहलीला इतके फोटो कोणी काढत नाही. कार्डं काही एमबीची होती त्या काळात एस आणि बेसिक ही गरज होती. आता ती बऱ्याचदा जुनी सवय असते, किंवा कॅमेरा आधी वापरणाऱ्याने ठेवून दिलेलं सेटिंग असतं. कॅमेरा उसना घेतला किंवा सेकंडहँड घेतला असेल तर पहिल्या दिवशी हीच गोष्ट बघा.

रॉ म्हणजे काय, ते प्रत्येकाने वापरावं का?

रॉ म्हणजे सेन्सरने टिपलेली कच्ची माहिती. जेपीईजीत प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या असतात. रॉमध्ये कॅमेऱ्यानुसार ४,०९६ किंवा १६,३८४ पायऱ्या मिळतात. गणपतीच्या मखरात दिव्यांची झगमग आणि मागे काळोख असेल, किंवा सड्यावर संध्याकाळच्या तिरक्या उन्हात खोल रेषा सावलीत गेल्या असतील, तर रॉमधून त्या सावल्या उजळून काढता येतात. जेपीईजीत त्या काळ्या ठिपक्यांशिवाय काही उरलेलं नसतं.

त्याची किंमतही आहे. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याची रॉ फाइल साधारण २५ एमबीच्या आसपास जाते, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डावर अडीच हजार फोटो. ती थेट स्टुडिओत प्रिंटला देता येत नाही, आधी सॉफ्टवेअरमध्ये तयार करावी लागते. शिमग्यात पालखी नाचते तेव्हा एकामागोमाग एक फोटो घेताना रॉमुळे कॅमेरा लवकर अडकतो आणि नेमका क्षण हुकतो. तिथे एल-फाइन जेपीईजी बरा.

रॉ म्हणजे नेहमीच वरचढ, असंही नाही. रॉयटर्स या वृत्तसंस्थेने २०१५ मध्ये आपल्या मुक्त छायाचित्रकारांना रॉवरून तयार केलेले फोटो पाठवू नका, कॅमेऱ्यातच तयार झालेले जेपीईजी पाठवा, असं कळवलं होतं. फोटो लवकर पोचावा आणि त्यावर फार प्रक्रिया होऊ नये, हा त्यामागचा विचार होता.

पुन्हा तिथे जाणं शक्य नसेल किंवा विषय मोलाचा असेल तर ‘रॉ + जेपीईजी’ हा पर्याय निवडा. एक फाइल लगेच पाठवायला, दुसरी जपून ठेवायला.

मोबाइलमधल्या ५० आणि १०८ मेगापिक्सेलचं काय?

बहुतेक मोबाइल ५० मेगापिक्सेलचा सेन्सर असला तरी नेहमीच्या मोडमध्ये साडेबारा मेगापिक्सेलचाच फोटो देतात. शेजारचे चार पिक्सेल एकत्र करून एक बनवला जातो. १०८ मेगापिक्सेलवाले नऊ पिक्सेल एकत्र करून १२ मेगापिक्सेलचा फोटो देतात. कमी उजेडात हे फायद्याचं असतं. भरपूर उजेड असेल आणि मोबाइल स्थिर धरता येत असेल तर पूर्ण मेगापिक्सेलचा मोड निवडून बघा. संध्याकाळी किंवा देवळाच्या गाभाऱ्यात साधा मोडच चांगला.

आयफोनमध्ये २०१७ पासून एचईआयसी हा वेगळा प्रकार येतो. तो कमी जागेत चांगला दर्जा ठेवतो, पण सगळ्या संगणकांवर आणि सरकारी पोर्टलवर उघडत नाही. सेटिंगमध्ये ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडलं की जेपीईजी मिळतो.

सगळं बरोबर केलं, मग फोटो बिघडतो कुठे?

बहुतेक वेळा पाठवताना. एल-फाइनवर काढलेला १२ एमबीचा फोटो व्हॉट्सअॅपवर साध्या दर्जात पाठवला की तो काहीशे केबीचा होऊन पोचतो. पुढे तोच फोटो दुसऱ्या ग्रुपवर जातो, कोणी स्क्रीनशॉट काढून पाठवतं, आणि शेवटी अभ्यासकाकडे, कृषी अधिकाऱ्याकडे किंवा अल्बमवाल्याकडे त्याची सावली पोचते. आंब्याच्या मोहोरावरचा तुडतुडा किंवा थ्रिप्स ओळखून हवा असेल तर असा फोटो बघून सल्ला देणाऱ्यालाही अंदाजच करावा लागतो.

व्हॉट्सअॅपने ऑगस्ट २०२३ मध्ये एचडी दर्जाचा पर्याय आणला. तो साध्यापेक्षा चांगला आहे, पण तिथेही फोटो दाबला जातो. मूळ फाइल जशीच्या तशी पाठवायची असेल तर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून जोडा. किंवा ड्राइव्हवर टाकून लिंक पाठवा.

ऑनलाइन अर्जात तर २० ते ५० केबीच मागतात!

स्पर्धा परीक्षांच्या अर्जांत फोटोला अशी मर्यादा असते, म्हणून काही जण कॅमेरा किंवा मोबाइल कायमचा छोट्या साइझवर ठेवतात. त्याची गरज नाही. फोटो मोठाच काढा, मग त्याची कॉपी करून ती लहान करा. साडेतीन × साडेचार सेंटिमीटरच्या पासपोर्ट फोटोला ३०० च्या हिशेबाने ४१३ × ५३१ पिक्सेल पुरतात. आधी चेहऱ्यापुरता क्रॉप करा, मग पिक्सेल कमी करा आणि शेवटी क्वालिटी घटवत केबीच्या मर्यादेत आणा. उलट क्रमाने केलं, म्हणजे पिक्सेल तेवढेच ठेवून नुसती क्वालिटी घटवली, तर चेहऱ्यावर चौकोन दिसायला लागतात आणि अर्ज परत येण्याची धास्ती राहते.

जुने कागद आणि फोटो जपताना

२२ जुलै २०२१ च्या महापुरात चिपळूणमधल्या घराघरांत कागद, पुस्तकं, अल्बम भिजले. १८६४ मध्ये स्थापन झालेल्या तिथल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरानेही २००५ आणि २०२१ असे दोन पूर सोसले. घरातले सातबाराचे जुने उतारे, पत्रं, आजीच्या लग्नाचा एकुलता एक फोटो यांची डिजिटल प्रत करून ठेवणं कोकणात किती गरजेचं आहे, हे वेगळं सांगायला नको.

ए-फोर कागद ३०० च्या हिशेबाने वाचायचा तर २४८० × ३५०८ पिक्सेल लागतात, म्हणजे पावणेनऊ मेगापिक्सेल. सहा मेगापिक्सेलच्या एस साइझमध्ये ठळक छापील अक्षर वाचता येईल, पण फिकी शाई, मोडी लिपीतली बारीक वळणं आणि शिक्क्यावरची अक्षरं अडतील. इथे एल-फाइनच हवं. कागद सपाट ठेवा, खिडकीजवळचा उजेड घ्या, फ्लॅश बंद ठेवा आणि कागदाने फ्रेम भरू द्या. फ्रेममध्ये निम्मं टेबल आलं तर निम्मे पिक्सेल टेबलावर गेले.

कोणत्या कामाला कोणतं सेटिंग?

• कातळशिल्पं, मंदिरं, जुनी घरं यांची नोंद : एल, रॉ + जेपीईजी फाइन. रॉ नसेल तर एल-फाइन.
• लग्न, मुंज, बारसं : एल-फाइन. अंधाऱ्या हॉलमध्ये रॉ + जेपीईजी.
• सहल आणि घरगुती फोटो : एल-नॉर्मल पुरेसं.
• शिमगा, नमन, क्रिकेटचे सामने : एल-फाइन जेपीईजी, रॉ बंद.
• कागदपत्रं, जुने फोटो : एल-फाइन.
• शेकडो फोटो, तेही केवळ वेबसाइटवर लगेच टाकायचे : एम-नॉर्मल चालेल.
• एस आणि बेसिक : कार्ड भरत आलंय आणि दुसरं नाही, अशा वेळीच.

सड्यावर नवी आकृती दिसली तर?

अजूनही गुरं चारायला किंवा बागेकडे जाणाऱ्या कुणाला एखादी न नोंदवलेली आकृती दिसू शकते. तेव्हा कॅमेरा किंवा मोबाइल सर्वात मोठ्या साइझवर आणि सर्वात वरच्या क्वालिटीवर ठेवा. डिजिटल झूम वापरू नका, तो नुसता क्रॉपच असतो. ऊन तिरकं असेल अशा सकाळी किंवा संध्याकाळी फोटो घ्या, सावलीमुळे रेषा उठून दिसतात. आकृतीच्या कडेला फूटपट्टी किंवा मोजपट्टी ठेवा, म्हणजे माप कळेल. रेषा ठळक दिसाव्यात म्हणून खडू, चुना किंवा रंग लावू नका आणि आकृतीवर उभे राहू नका. मोबाइलचं लोकेशन चालू ठेवा, म्हणजे जागेची नोंद फाइलमध्येच राहील. मूळ फाइल डॉक्युमेंट म्हणून पुरातत्त्व विभागाला किंवा अभ्यासकांना पाठवा. ग्रुपवर ठिकाण जाहीर करण्याची घाई करू नका.

एवढं सगळं लक्षात राहिलं नाही तरी एक सूत्र पुरेसं आहे : काढताना मोठा, पाठवताना लागेल तेवढा लहान. मोठ्या फोटोचा लहान दोन मिनिटांत होतो. लहानाचा मोठा करायची वेळ आली, तर त्यासाठी पुन्हा त्या जागी जावं लागतं, आणि तोवर ती रेषा, तो कागद किंवा ते माणूस तिथे असेलच असं नाही. आत्ता कॅमेरा हाताशी असेल तर मेन्यू उघडा आणि साइझसमोर कोणतं अक्षर आहे ते बघून घ्या.